मंगळ आतला की बाहेरचा, आणि रात्री बाराला डोक्यावर दिसलेली चांदणी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या मॅडमनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली शाळेतली. शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नसंचात ‘मंगळ हा कोणत्या प्रकारचा ग्रह?’ असा प्रश्न होता. मुलीनं ‘अंतर्ग्रह’ लिहिलं, कारण पुस्तकात तसंच आहे. उत्तरसूचीत मात्र ‘बहिर्ग्रह’ छापलेलं. दुसरी गोष्ट घरातली. जानेवारी २०२६ मध्ये त्यांचे दीर हरभऱ्याला ओलीत करायला रात्री वावरात होते. घरी येऊन म्हणाले, ‘वहिनी, म्या सोताच्या डोयानं पायला, रातच्या बारा वाजता शुक्र डोक्यावर व्हता.’ मॅडमनी तर वाचलंय की शुक्र मध्यरात्री कधीच दिसत नाही. दीर खोटं सांगणारे नाहीत. मग खरं काय? आणि जाता जाता त्यांनी एक ओळ लिहिली आहे, की नणंदेचं लग्न शुक्राच्या अस्तामुळे फेब्रुवारीत धरलं. ही ओळ फार कामाची आहे. तिच्याकडे मी परत येईन.

मॅडम, आधी मुलीचं बघू. तिचं उत्तर बरोबर आहे. उत्तरसूचीतलंही बरोबर आहे. चूक आहे ती प्रश्नाची, कारण त्यानं कोणत्या धुऱ्यावरून, म्हणजे कोणत्या बांधावरून, मोजायचं तेच सांगितलेलं नाही.

आपल्याकडे दोन भावांची वाटणी झाली की ‘ती विहीर धुऱ्याच्या आत की बाहेर’ हा प्रश्न विचारताना आधी धुरा कोणता ते ठरवावं लागतं. सूर्यमालेत असे दोन धुरे आहेत. एक धुरा म्हणजे आपल्या पृथ्वीचीच कक्षा. त्याच्या आत बुध आणि शुक्र, एवढे दोनच. बाहेर मंगळ, गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून. या वाटणीत पृथ्वी कुठेच नाही, कारण धुराच ती आहे. दुसरा धुरा म्हणजे मंगळ आणि गुरूच्या मधला लघुग्रहांचा पट्टा. त्याच्या आत बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे चार खडकाळ ग्रह, बाहेर चार महाकाय ग्रह. शाळेच्या पुस्तकातली वाटणी ही दुसरी. आकाशनिरीक्षणाच्या जुन्या पुस्तकांतली आणि पंचांग करणाऱ्यांची वाटणी ही पहिली. दुर्दैवानं मराठीत दोन्ही वाटण्यांना तेच दोन शब्द वापरले जातात, अंतर्ग्रह आणि बहिर्ग्रह. पृथ्वी सोडली तर बाकी सगळे ग्रह दोन्हीकडे एकाच बाजूला पडतात. दोन धुऱ्यांच्या मधल्या पट्टीत अडकतो तो एकटा मंगळ.

मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाचा याच प्रश्नावर मार्क कापला होता. तो बरोबर होता, त्यानं कुठल्याशा जुन्या पुस्तकात वाचलेलं लिहिलं होतं, आणि मी त्याला ‘पुस्तकात बघ’ म्हणून बसवलं. पुढे दुर्बीण हातात आली, आकाश शिकलो, तेव्हा कळलं. तो मुलगा आजही आठवतो. म्हणून माझं म्हणणं आहे की पृथ्वीच्या कक्षेवरून बोलायचं असेल तर सरळ ‘पृथ्वीकक्षेच्या आतले’ आणि ‘पृथ्वीकक्षेबाहेरचे’ म्हणावं. दोन शब्द जास्त लागतात, पण मुलांचा मार्क जात नाही. या उत्तरात मी पुढे ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ म्हणेन ते याच अर्थानं.

आता कोणी म्हणेल, एका मार्काचा तर प्रश्न, कुठल्या का धुऱ्यानं होईना. पण पट्ट्यावरून केलेली वाटणी ग्रह कशाचा बनलाय ते सांगते, आणि पृथ्वीकक्षेवरून केलेली वाटणी तो आपल्याला कधी, कुठे, कसा दिसेल ते सांगते. रात्री वावरात उभ्या असलेल्या माणसाला ही दुसरीच उपयोगाची. तुमच्या दिरांच्या कोड्याचं उत्तरही तिच्यातच आहे.

शाळेत मी हे फळ्यावर शिकवत नाही, मैदानावर शिकवतो. तुम्हीही करून बघा. कबड्डीच्या मैदानाला टाकतो ती फक्की घ्या. झेंड्याचा खांब म्हणजे सूर्य. खांबापासून दहा पावलांवर पृथ्वीचं रिंगण आखा. मग त्याच मापानं बुध चार पावलांवर येतो, शुक्र सात पावलांवर, मंगळ पंधरावर. लघुग्रहांचा पट्टा साधारण बावीस पावलांपासून तेहतीस पावलांपर्यंत. गुरू बावन्न पावलांवर. आमच्या शाळेत गुरू झालेल्या पोराला कुंपण ओलांडून शेजारच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभं राहावं लागायचं. शनी पंच्याण्णव पावलांवर, म्हणजे पार नाल्याच्या काठी. युरेनस आणि नेपच्यूनला मी कधी पाठवलंच नाही, नेपच्यून तीनशे पावलांवर जातो.

पोरं आपापल्या रिंगणावर उभी राहिली की सगळ्यांनी एकाच दिशेनं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट चालायचं. पृथ्वी झालेल्या मुलाला मात्र एक काम जास्त, स्वतःभोवती डावीकडे वळत राहायचं. त्याचं तोंड म्हणजे आपल्या डोक्यावरचं आकाश, डावा हात पूर्व, उजवा हात पश्चिम. तोंड खांबाकडे आहे तेव्हा दुपारचे बारा. डावीकडे पाव वळला की खांब उजव्या हाताला गेला, सूर्य मावळला. अजून पाव वळला की पाठ खांबाकडे, म्हणजे मध्यरात्र. आणखी पाव वळला की खांब डाव्या हाताला, पहाट.

इथं पोराला तसंच थांबवायचं, पाठ खांबाकडे. आणि विचारायचं, ‘शुक्र कुठे आहे?’ तो मान वळवायला लागतो. ‘मान नाही वळवायची. मध्यरात्र आहे. दिसतो का?’ नाही दिसत. शुक्र झालेली मुलगी रिंगणावर कुठेही उभी राहू दे, हवं तर पळू दे, ती कायम त्याच्या पाठीमागेच आहे. कारण तिचं अख्खं रिंगण त्याच्या पाठीमागे आहे. मग विचारायचं, ‘गुरू?’ पऱ्हाटीतून हात वर होतो. समोर, नाकासमोर.

मॅडम, अख्खा विषय त्या एका क्षणात आहे. पृथ्वीकक्षेच्या आतला ग्रह सूर्याची बाजू सोडू शकत नाही. बाहेरचा ग्रह सूर्याच्या बाजूलाही जाऊ शकतो आणि त्याच्या अगदी विरुद्ध बाजूलाही. विरुद्ध बाजूला आला की त्याला आपण प्रतियुती म्हणतो. त्या दिवसांत तो सूर्य मावळताना उगवतो, मध्यरात्री सगळ्यांत उंच असतो आणि सूर्य उगवताना मावळतो. बुध आणि शुक्राला प्रतियुती नाहीच. त्यांना दोन युत्या आहेत. सूर्य आणि आपण यांच्या मधून जातात ती अंतर्युती, सूर्याच्या पलीकडून जातात ती बहिर्युती.

एकदा मैदानावर हे चालू असताना मंगळ झालेल्या मुलीनं पंधरा पावलांवरून ओरडून विचारलं, ‘सर, मी आत की बाहेर?’ तिच्या एका बाजूला पृथ्वीचं रिंगण होतं, दुसऱ्या बाजूला बावीस पावलांवर लघुग्रहांसाठी टाकलेली मुरूम-गिट्टी. तिनं दोन्हीकडे पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आत पृथ्वीवाला पोरगा म्हणाला, ‘माह्या बाहेर, गिट्टीच्या आत.’ इतकं नेमकं उत्तर मी स्वतः त्याआधी कधी दिलं नव्हतं.

आता दोरी घ्या. पृथ्वीवाल्या पोराच्या हातात एक टोक द्या आणि दुसरं टोक शुक्राच्या रिंगणाला बाजूनं नुसतं घासून जाईल असं ताणा. ही दोरी आणि खांबाची दिशा यांच्यात जो कोन होतो तो शुक्राचा कासरा. साधारण ४७ अंश, त्याच्या पुढे शुक्र सूर्यापासून जाऊच शकत नाही. आकाशात मोजायचं तर हात लांब करून पसरलेली वीत सुमारे २० अंश आणि मूठ सुमारे १० अंश. म्हणजे दोन विती आणि वर मुठीपेक्षा थोडं कमी. बुधाचं रिंगण लहान आणि जरा लांबोळकं, म्हणून त्याचा कासरा कधी १८ अंश तर कधी २८ अंश भरतो. आकाश तासाला १५ अंश फिरतं. त्यामुळे शुक्र फार तर सूर्यास्तानंतर तीनेक तास किंवा सूर्योदयाआधी तीनेक तास दिसतो. रात्री अकराला वगैरे शुक्र दिसला असं आपल्याकडच्या कुणी सांगितलं तर तो शुक्र नाही, एवढं डोळे मिटून सांगता येतं.

मग जानेवारीत डोक्यावर काय होतं? गुरू. १० जानेवारी २०२६ ला गुरूची प्रतियुती होती. तो मिथुन राशीत होता, आणि आपलं विदर्भ ज्या अक्षांशांवर आहे तिथून मिथुनेतला गुरू मध्यरात्री जवळजवळ बरोब्बर डोक्यावर येतो. तुमच्या दिरांनी ‘डोक्यावर’ म्हटलं ते अक्षरशः खरं आहे. लाईन रात्रीची मिळते म्हणून माणूस मोटर चालू करून दांडातलं पाणी वळवत उभा, आजूबाजूला एक दिवा नाही, वर आकाशात चंद्र सोडला तर सगळ्यांत तेजस्वी तोच. शुक्राच्या खालोखाल तेजस्वी बहुतेक वेळा गुरूच असतो, त्यामुळे नाव चुकणं साहजिक आहे. पाहणं अजिबात चुकलेलं नाही.

आणि शुक्र तेव्हा कुठे होता? ६ जानेवारी २०२६ ला त्याची बहिर्युती होती, म्हणजे तो सूर्याच्या पार पलीकडे होता. मंगळही त्याच आठवड्यात, ९ जानेवारीला, सूर्याच्या पलीकडे गेला होता. एका आठवड्यात एक आतला ग्रह आणि एक बाहेरचा ग्रह सूर्याच्या उजेडात बुडालेले, आणि दुसरा बाहेरचा ग्रह रात्रभर आपल्या डोक्यावर. शिकवायला याहून चांगला आठवडा क्वचित मिळतो.

इथं तुमच्या नणंदेच्या लग्नाची ओळ आठवा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत शुक्राचा अस्त धरला होता, म्हणून तारीख पुढे गेली. अस्त म्हणजे ग्रह सूर्याच्या इतका जवळ असणं की तो दिसत नाही. म्हणजे शुक्र त्या रात्री दिसणं शक्य नव्हतं याचा पुरावा तुमच्याच घरातल्या पंचांगात होता! मुहूर्त पाळायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्या नोंदीमागचं निरीक्षण पक्कं आहे, आणि ते मुलांना दाखवलंच पाहिजे.

पंचांगात अजून एक गोष्ट बघा. गुरूचा अस्त नेहमी पश्चिमेला होतो आणि उदय नेहमी पूर्वेला. मंगळाचं आणि शनीचंही तसंच. संध्याकाळी पश्चिमेला खाली खाली जात दिसेनासे होतात, आणि काही दिवसांनी पहाटे पूर्वेला निघतात. शुक्राचं तसं नाही. त्याचे दोन अस्त असतात. पश्चिमेला अस्त झाला तर आठ-दहा दिवसांत तो पहाटे पूर्वेला उगवतो, कारण तेव्हा तो आपल्या आणि सूर्याच्या मधून झपाट्यानं जातो. पूर्वेला अस्त झाला तर जवळपास दोन महिने पत्ता नसतो, कारण तेव्हा तो सूर्याच्या पलीकडून जात असतो आणि आपल्यालाही सूर्य त्याच दिशेनं सरकताना दिसतो. मग तो संध्याकाळी पश्चिमेला उगवतो. ‘पश्चिमेस उदय’ हे शब्द पंचांगात बुध आणि शुक्राच्या पुढेच सापडतील, गुरू-शनीच्या पुढे नाही. आतले आणि बाहेरचे ग्रह वेगळे ओळखायची ही खूण घराघरात खिळ्याला टांगलेली आहे.

जुन्या ज्योतिर्विदांना हा फरक पुरता माहीत होता, आणि तोही पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे न धरता. आर्यभटानं इ. स. ४९९ च्या सुमारास जी गणितं मांडली, त्यात बुध-शुक्रांची मध्यम, म्हणजे सरासरी जागा म्हणून सूर्याचीच जागा घेतली जाते, आणि मंगळ, गुरू, शनी यांच्यासाठी सूर्य हा ‘शीघ्रोच्च’, म्हणजे ग्रहाची जागा दुरुस्त करताना ज्याच्यावरून हिशेब करतात तो बिंदू, म्हणून येतो. म्हणजे दोन गट वेगळे, आणि दोन्हींत सूर्य वेगळ्या कामाला. त्यांनी ग्रहांचा क्रम लावला तोही पाहा. शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. सूर्य मधोमध. त्याच्या एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन आणि चंद्र. आज आपण सूर्याच्या जागी पृथ्वीची कक्षा ठेवतो, आणि वाटणी तीच राहते. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मी बाजेवर पडून खूप वेळ जागा होतो. इतक्या शतकांपूर्वी कोणीतरी नुसत्या डोळ्यांनी, कित्येक वर्षं, हेच आकाश पाहून ही रेघ ओढली होती.

युरेनस १७८१ मध्ये विल्यम हर्शेलला सापडला, नेपच्यून १८४६ मध्ये. दोघेही बाहेरचे, त्यामुळे या वाटणीत त्यांच्यामुळे काही बदललं नाही.

दुर्बिणीतून आतला ग्रह आणखी एक गोष्ट दाखवतो, कला. शुक्र चंद्रासारखा कोरीपासून पूर्ण गोलापर्यंत सगळ्या कला दाखवतो. गॅलिलिओनं १६१० च्या शेवटी हे पाहिलं आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो याचा तो भक्कम पुरावा ठरला, कारण शुक्र नेहमीच सूर्याच्या अलीकडे राहत असता तर त्याचं पूर्ण बिंब कधी दिसलंच नसतं. मी गावोगाव दुर्बीण घेऊन जातो तेव्हा अंतर्युतीच्या महिना-दीड महिना आधीचा शुक्र मिळावा म्हणून तारखा जुळवतो. तेव्हा तो आपल्या जवळ असतो, बिंब मोठं, कोर बारीक, आणि तेजही सगळ्यांत जास्त. एका गावात एक म्हातारी आई रांगेत सगळ्यांत शेवटी आली. डोळा लावला, थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘हे तं बीजेची कोर व्हय.’ मग डोळा काढून तिनं आकाशातल्या त्या ठिपक्याकडे नुसत्या डोळ्यानं पाहिलं, परत दुर्बिणीतून पाहिलं, असं तीनदा केलं. मागची पोरं ‘आजी, चाल ना’ म्हणत होती. मी म्हटलं, पाहू द्या.

बाहेरचा ग्रह कोर कधीच दाखवत नाही. कोर दिसायला ग्रह आपल्या आणि सूर्याच्या मध्ये यायला हवा, आणि बाहेरचा ग्रह मध्ये येऊ शकत नाही. मंगळ त्यातल्या त्यात जवळचा, म्हणून तो थोडा चपटतो, पण फार तर शुद्ध एकादशी-द्वादशीच्या चंद्राइतका. गुरू आणि शनी आपल्याला पूर्ण गोलच दिसतात म्हणा ना.

मध्ये येण्याचा दुसरा परिणाम म्हणजे अधिक्रमण, सूर्यबिंबावरून काळा ठिपका सरकताना दिसणं. तेही फक्त बुध आणि शुक्र करतात. ६ जून २०१२ ला सकाळी ढगांच्या फटींतून आम्ही शुक्राचं अधिक्रमण पांढऱ्या कागदावर सूर्याचं बिंब पाडून पाहिलं होतं. शुक्राचं पुढचं अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये आहे. बुधाचं मात्र १३ नोव्हेंबर २०३२ ला आहे, आपल्याकडे दुपारी. आज तुमच्या वर्गात असलेल्या मुली तेव्हा कॉलेजात असतील. त्यांना आत्ताच तारीख लिहून ठेवायला सांगा. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. सूर्याकडे दुर्बिणीतून, द्विनेत्रीतून, एक्स-रेच्या काळ्या फिल्ममधून कधीही पाहू नका, पाहू देऊ नका. बुध शोधतानाही सूर्य पूर्ण मावळल्यावरच दुर्बीण उचला. क्षणभराचं पाहणं आयुष्यभरासाठी डोळा घेऊन जातं.

बुधाबद्दल पुष्कळ लोक म्हणतात की तो दिसतच नाही. दिसतो. आपल्याकडे क्षितिज सपाट आहे, डोंगर आडवे येत नाहीत, हे आपलं भाग्य. फेब्रुवारी ते मे या काळात बुध संध्याकाळच्या आकाशात असेल तर सूर्य मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं तलावाच्या बांधावर किंवा गोटाळीच्या माळावर उभं राहून पश्चिमेला मुठी-दीड मुठीच्या उंचीवर बघा. तांबूस, स्थिर ठिपका. फार वेळ मिळत नाही, त्यामुळे वेळेवर पोचा.

वेगाचं गणित वर्गात घ्यायचं असेल तर सोपं आहे. पृथ्वी दिवसाला जवळपास १ अंश चालते, शुक्र १.६ अंश. शुक्र रोज सुमारे ०.६ अंशानं पुढे जातो, आणि अख्खं ३६० अंशांचं रिंगण पुढे जाऊन आपल्याला परत गाठायला त्याला ५८४ दिवस लागतात. पाच वेळा ५८४ म्हणजे २९२० दिवस, आणि आठ वर्षं म्हणजेही जवळपास तेवढेच दिवस. म्हणून आठ वर्षांनी शुक्राचं वेळापत्रक जवळपास त्याच तारखांवर येतं. २६ ऑक्टोबर २०१८ ला अंतर्युती होती, २०२६ ची २४ ऑक्टोबरला. मुलांना हे स्वतः करून पाहू द्या, त्यांना फार आवडतं. मंगळाला आपण गाठतो, दर ७८० दिवसांनी. गुरूला ३९९ दिवसांनी, म्हणजे दर वर्षी त्याची प्रतियुती महिनाभर पुढे सरकते. शनीला ३७८. जितका ग्रह लांब आणि संथ, तितका हा आकडा वर्षाच्या जवळ, कारण तो जागचा फारसा हललेलाच नसतो. गाठताना तो ग्रह काही काळ मागे जाताना दिसतो, त्याला वक्री म्हणतात. आतले ग्रह अंतर्युतीच्या आसपास वक्री, बाहेरचे प्रतियुतीच्या आसपास.

हे समजावताना मी पूर्वी खळ्यावरच्या पातीचं, म्हणजे मळणीसाठी मधल्या खांबाभोवती, मेढीभोवती, फिरवायच्या बैलांचं उदाहरण देत असे. मेढीजवळचा बैल लहान रिंगणात, बाहेरचा मोठ्या. मधल्या बैलाला आतला बैल नेहमी मेढीच्याच बाजूला दिसणार, हे त्यातून छान कळतं. पण वेगासाठी ते उदाहरण चालत नाही, कारण पातीचे बैल एका दोरीत बांधलेले असतात आणि सगळे एकदमच फेरा पुरा करतात. ग्रहांना दोरी नाही. बुध ८८ दिवसांत फेरा मारतो, शुक्र २२५, मंगळ ६८७ दिवसांत, गुरूला जवळपास बारा वर्षं आणि शनीला साडेएकोणतीस. आता तर थ्रेशर आल्यापासून पोरांनी पात पाहिलेलीही नाही.

एक शेवटची बाब, कारण ती आपल्या भागाची आहे. पृथ्वीच्या कक्षेवरून वाटणी फक्त ग्रहांची होत नाही, पृथ्वीजवळ येणाऱ्या लघुग्रहांचीही होते. ज्यांची कक्षा पूर्णपणे आपल्या कक्षेच्या आत आहे ते अतिरा गटातले. बाहेरून जवळ येतात पण कक्षा ओलांडत नाहीत ते अमोर. आणि जे ओलांडतात ते अपोलो आणि अटेन. ग्रहांना आत-बाहेर असा शिक्का कायमचा मारता येतो, कारण त्यांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेला छेदत नाहीत. लघुग्रह मात्र धुरा तुडवून येतात. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर, बेसाल्टमध्ये पडलेला तो सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, असाच पृथ्वीची वाट ओलांडणाऱ्या एका दगडाच्या धडकेनं झालेला आहे. सहल नेणार असाल तर विवराच्या काठावर उभं राहून मुलांना ‘आतला, बाहेरचा आणि ओलांडणारा’ हे तीन शब्द सांगा. मी सांगितलेत, पोरं आपसूक गप्प होऊन खाली बघायला लागतात.

आता तुम्ही काय करायचं ते. मुलीला तिचा मार्क द्या, आणि वर्गाला उत्तराबरोबर धुराही लिहायची सवय लावा: ‘लघुग्रहांच्या पट्ट्याच्या आत, म्हणून अंतर्ग्रह’ किंवा ‘पृथ्वीकक्षेच्या बाहेर, म्हणून बहिर्ग्रह’. प्रश्नसंच छापणाऱ्यांना एक पत्रही लिहा. १५ ऑगस्ट २०२६ ला शुक्र सूर्यापासून त्याच्या कासऱ्याच्या टोकाला असेल, या फेरीला ४६ अंशांवर, संध्याकाळी पश्चिमेला. झेंडावंदन झालं की त्याच खांबाभोवती फक्कीची रिंगणं आखता येतील. पावसानं संध्याकाळी फट दिली तर खरा शुक्रही दाखवा.

आणि दिरांना माझा निरोप द्या. १० फेब्रुवारी २०२७ च्या सुमारास गुरूची प्रतियुती आहे आणि १९ फेब्रुवारीला मंगळाची. त्या पंधरवड्यात रात्री बाराला दोघंही सिंह राशीत, जवळपास डोक्यावर, किंचित दक्षिणेला असतील, मघा नक्षत्राच्या आसपास, एकमेकांपासून साधारण एका मुठीवर. पांढरा आणि जास्त तेजस्वी तो गुरू, त्याच्या पूर्वेला तांबूस तो मंगळ. लाईन रात्रीची असली तर मोटर लावून त्यांनी वर बघावं, आणि सकाळी तुम्हाला सांगावं की मंगळ कोणत्या धुऱ्याच्या कोणत्या बाजूला होता.